हाळीच्या डोंगरावरची चूळ

जांभळवाडीच्या मागे जो बोडका डोंगर दिसतो त्याला हाळीचा डोंगर म्हणतात. हाळी म्हणजे लांबच्या माणसाला मारलेली हाक. नाव असे असले तरी त्या डोंगराच्या माथ्यावर कोणी एक शब्द बोलत नाही. चढ अवघड नाही. सकाळी वाडीतून निघालेला माणूस दीड तासात वर पोचतो आणि जेवायला घरी येतो. आधी कारवीचे रान लागते, मग नळीची खिंड, मग कातळात खोदलेले पाण्याचे टाके. टाक्यापासून माथा दोनशे पावले.

त्या दोनशे पावलांची एक रीत आहे. टाक्यापाशी थांबायचे, तोंडभर पाणी घ्यायचे आणि ते न गिळता, न सांडता वर जायचे. माथ्यावर एक सपाट धोंडा आहे. त्यात दोन पावलांएवढे खळगे पडले आहेत. त्या धोंड्याशी घटकाभर उभे राहायचे. मग उत्तरेच्या कड्यावर यायचे. तिथून तीन कोसांवर राजवळ्याच्या पडक्या गढीचा ढिगारा दिसतो. त्या बाजूला तोंड करून चूळ टाकायची. हळू नाही, जोरात टाकायची. मग उतरायला लागायचे. वर देऊळ नाही, झेंडा नाही, घंटा नाही. कोणी नारळ फोडलाच तर वाडीची माणसे त्याला करवंट्या उचलून खाली न्यायला लावतात.

हल्ली सुट्टीच्या दिवशी शहरातून मुलेमुली येतात. चूळ म्हटले की हसतात. "बाबा, बाटलीतलं पाणी चालेल का?" असे एका मुलीने विचारले होते. चालेल म्हणून सांगितले. पाणी कुठलेही चालते, तोंड मिटलेले पाहिजे. ती जाऊन आली आणि म्हणाली, "काय शांत आहे हो वर! मन अगदी निवांत झालं."

खाली येणारा जो तो हेच म्हणतो, आणि हेच वाडीला सहन होत नाही. का होत नाही, ते कळायला ठकूची गोष्ट ऐकावी लागते.

गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते कोणी लिहून ठेवलेले नाही. लिहिणारे गढीवर बसत, त्यांनी आपल्यापुरते लिहिले. इथल्यांनी ती तोंडातोंडी सांभाळली.

असे सांगतात की त्या काळी या डोंगराच्या कुशीत पाच वाड्या होत्या. आजही पाचच आहेत. खिंडीतून कोकणातली वाट वर येते. त्या वाटेने कधी लुटारू येत, कधी उन्हाळ्यात रानाला वणवा लागे. म्हणून माथ्यावरून हाळी देण्याचे काम एका घराकडे होते. त्या घरातला माणूस धोंड्यावर उभा राहून तीन वेळा लांब हाळी देई. ती कोसभर जाई. हाळी ऐकली की पाचही वाड्यांतला धडधाकट माणूस हातातले काम टाकून खिंडीकडे धावे. जेवत असला तर उठे. कुऱ्हाड घेई, कोयता घेई, काही नसले तर मुसळ घेई. कोणाच्या घरावर संकट आहे हे विचारायची रीत नव्हती. आधी धावायचे, मग विचारायचे.

हाळीच्या घरात मुलगा नव्हता. एकच मुलगी, ठकू. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि ती बापाकडे परत आली. बाप मेला तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. पाच वाड्यांचे कारभारी बसले. बाईच्या हाळीने कोण धावणार, असा प्रश्न पडला. बोलणे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी उंबरमाळच्या रानाला वणवा लागला. ठकू कोणाला न विचारता वर गेली आणि तिने हाळी दिली. म्हणे ती अशी घुमली की पलीकडच्या कड्यातली गिधाडे उठली. माणसे धावली, वणवा विझवला, काळी तोंडे घेऊन परत आली. नंतर तो विषय कोणी काढला नाही.

बापाने तिला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. स्वतःच्या डोळ्यांनी माणूस पाहिल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. वणव्याचा जाळ दिसतो, त्याचे वेगळे. पण लुटारूंची हाळी धूर पाहून द्यायची नाही, धूळ पाहून द्यायची नाही. समोर माणूस दिसला पाहिजे. ठकूने ते वीस वर्षे पाळले. वीस वर्षांत तिच्या हाळीला एकदाही माणूस फुकट धावला नाही. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. पाणवठ्यावर बायका म्हणत, "ठकूबाय, बोल की काहीतरी." ती म्हणे, "काम पडलं की बोलते. तवा तुमच्या नवऱ्यांना पळायला लागतं."

तेव्हा राजवळ्याच्या गढीवर एक जहागीरदार होता. त्याला गढीभोवती नवा तट बांधायचा होता. तट कोणापासून राखण्यासाठी, हे त्याचे त्याला ठाऊक. दगड मोप होता, वाहायला माणसे नव्हती. वेठीला माणूस धरायला त्याचे स्वार वाड्यांवर येत, पण लांबून घोडा दिसला की माणूस रानात. स्वारांना म्हातारे आणि कोंबड्या तेवढ्या सापडत. तेव्हा त्याच्या सुभानजी नावाच्या हवालदाराने एक युक्ती काढली. जी माणसे शोधून सापडत नाहीत, ती हाळी ऐकून स्वतःच्या पायांनी एका जागी येतात. मग शोधायचे कशाला?

दसरा होऊन गेला होता. वरई कापायला आली होती. ठकू टाक्यापाशी बसली होती. सुभानजी शेतकऱ्याच्या वेशात, एकटाच, अनवाणी, धापा टाकत खिंडीतून वर आला.

"मावशी, लुटारू चढताहेत! खाली बघ."

ठकूने पाहिले. घाटाच्या तळाशी चार ठिकाणी धूर उठला होता.

"धूर दिसतोय," ती म्हणाली. "माणूस दिसंना."

"माणूस दिसंस्तोवर खालची वाडी जळंल. मग कुणाला हाळी देशील? राखेला?"

ठकू धोंड्यावर चढली. पुन्हा खाली पाहिले. झाडीत माणूस दिसला नाही. धूर वाढत होता. बापाचे बोलणे तिला आठवले नाही असे नाही. पण धुराखाली कोणाची तरी पोरे असतील, असे तिच्या मनात आले आणि तिने तोंड उघडले. तीन वेळा.

पाच वाड्यांतून साठ-सत्तर गडी धावत खिंडीत आले. खिंडीच्या दोन्ही तोंडांना सुभानजीचे स्वार कारवीत लपले होते. त्यांनी वाट बंद केली. कुऱ्हाडी काढून घेतल्या. दोर तयारच होते. गवताच्या गंज्या पेटवून धूर त्यांनीच केला होता. जाताना सुभानजीने वर पाहून हात जोडले आणि ओरडला, "मावशी, उपकार झाले! अशी हाळी कुठं ऐकली न्हवती!" त्याचे स्वार हसले.

चोराने दार फोडून धान्य नेले असते तर वाडीने ते सोसले असते. दुसऱ्याच्या मदतीला धावून आलेल्या माणसाला त्याच्या धावण्यातच धरायचे, याला काय म्हणावे? त्यासाठी शिवी सापडत नाही. वाडीत आजही सापडलेली नाही.

वरई शेतात उभी वाळली. बायकांनी कापली तेवढी कापली, उरलेली पाखरांनी खाल्ली. होळीच्या आधी माणसे सुटून आली. खांद्यांची सालटी निघालेली. सात जण आले नाहीत. त्यांचा हात दगड घडवायला बरा बसला म्हणून गढीने त्यांना ठेवून घेतले. आणि लहानू मेला. जांभळवाडीच्या बारकू नाईकाचा तो मुलगा. तटावर दगड चढवताना दोर तुटला. त्याच्या अंगाची हळद अजून उतरली नव्हती, असे सांगतात.

ठकूच्या दाराशी कोणी भांडायला आले नाही. आले असते तर तिला बरे वाटले असते. पाणवठ्यावर ती आली की बायका घागर उचलून बाजूला होत. एक जण मोठ्याने म्हणाली, "गढीवरनं लुगडं आलं का गं, ठकू? हिरवं का जरीचं?" ठकूने घागर भरली आणि घरची वाट धरली. तिच्याजवळ एकच चीज होती, ती म्हणजे तिच्या हाळीवरचा लोकांचा भरवसा. तो तिने स्वतःच्या तोंडाने घालवला होता.

लहानूला जाऊन महिना झाला तेव्हा ती बारकूच्या दाराशी गेली. बारकू ओट्यावर दोर वळत बसला होता. त्याने बस म्हटले नाही, पाणी विचारले नाही.

"बारकूदादा," ती म्हणाली, "पुढच्या सुगीला त्ये परत येतील. तट अर्धाच झालाय."

"येतील."

"पुन्हा हाळी द्यायला लावतील."

"मग दे. तुला काय, सवय झाली."

ठकूने ते ऐकून घेतले. म्हणाली, "उद्यापास्नं रोज दिस उगवताना हाळी देणार हाय. तीच हाळी, तीन येळा. ती आली की समजायचं समदं खुशाल हाय, कामाला लागा. ज्या दिशी येणार न्हाई त्या दिशी पोरंबाळं, गुरंढोरं घेऊन रानात जायचं. इचारायचं न्हाई, थांबायचं न्हाई."

बारकूचे हात थांबले. "हाळी तीच ठेवणार? दुसरी दे की काहीतरी. गोंधळ नको."

"माझ्या बापानं मला एकच शिकवली. दुसरी येत न्हाई."

"आन लुटारू आले तर?"

"तरी गप. लुटारू आले तरी गप, गढीवाले आले तरी गप. दोघांत फरक काय ऱ्हायलाय?"

बारकूने दोर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तू तापानं निजून ऱ्हायलीस आन हाळी आली न्हाई, तर आमी उगाच पळायचं?"

"पळा. पाय दुखतील, दुसरं काय?"

"आन तुला धोंड्यावर उभी करून हाणून वरडायला लावलं तर? एक आवाज निघाला तरी आमी खाली समदं खुशाल समजून बसू."

"त्ये माझ्यावर सोड."

"एकदा तुझ्यावरच सोडलं हुतं," बारकू म्हणाला.

ठकू उभी राहिली. दोराची सुटलेली गुंडी तिच्या पायाशी आली होती, ती तिने उचलून त्याच्या हाताशी ठेवली आणि निघाली. ती ओटा उतरल्यावर मागून बारकूचा आवाज आला. "सांगतो पाची वाड्यास्नी. ऐकतील का न्हाई, त्यांचं त्ये."

दुसऱ्या दिवशी सूर्याची कड दिसायला आणि हाळी यायला एक गाठ पडली. नंतर रोज तसेच. ठकूची पन्नाशी उलटली होती. गुडघे दुखत. झुंजुमुंजु झाले की ती काठी घेऊन निघे, टाक्यावर पाणी पिई, घसा साफ करी आणि धोंड्यावर उभी राही. गढी तीन कोसांवर आणि हाळी कोसभरच जाई, त्यामुळे तिचा आवाज तिकडे पोचत नसे. तिकडे फक्त माणसे जात.

श्रावणात एकदा ओढ्याला पूर आला आणि ठकू अलीकडेच अडकली. हाळी गेली नाही. पाचही वाड्या म्हशी हाकत, पोरे पाठीशी बांधून भर पावसात देवराईत शिरल्या. दुपारी पूर ओसरल्यावर ठकूने वर जाऊन हाळी दिली. तेव्हा माणसे चिखलाने माखून परत आली. उंबरमाळची एक म्हातारी तिच्या दाराशी येऊन ओरडली, "अगं भवाने, तुझा ओढा आडला आन माझी म्हस आटली! दूध तू देतीस का आता?" त्या दिवशी ठकू पुष्कळ महिन्यांनी हसली. आपली हाळी आली नाही म्हणून माणसे पळाली होती. तिच्यावर परत भरवसा ठेवला होता, त्याशिवाय कोण एवढा चिखल तुडवतो? त्यानंतर तिने निजायची जागा बदलली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला कातळाखाली झोपडे बांधले.

कार्तिक संपत आला. खळी लागली. गढीला पुन्हा माणसे हवी झाली. या खेपेला सुभानजी मागच्या सोंडेने चढून आला. त्याचे स्वार वाड्यांतून खिंडीकडे जाणाऱ्या वाटांवर झाडीत दबून होते, काही खिंडीत होते. लोक एकदा फसले आहेत, पुन्हा येतील का, असे कोणी त्याला विचारले होते. तो म्हणाला होता, "येतील. त्यांना घरात बसवतच नाही." माणसांचा चांगुलपणा त्याला नीट कळला होता. म्हणूनच त्याचा राग जास्त येतो.

ठकू टाक्याशी पोचली तेव्हा उजाडत होते. टाक्याच्या कडेवर सुभानजी चार माणसांसह बसला होता.

"राम राम, मावशी. ओळखलंस का?"

"ओळखलं."

"धाव्याची हाळी दे. मोठी दे, मागच्यासारखी." मग तो हसला. "आधी पाणी पी. घसा ओला कर. आम्ही काही राक्षस न्हाई."

ठकू खाली वाकली. पाण्यात आभाळ उजळले होते. तिने ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि उठली. पाणी गिळले नाही. दोनशे पावले ती हळूहळू चढली. पुढे ती, मागे ते. सुभानजी तिच्या मागे बोलत होता, तट कसा छान झाला आहे ते सांगत होता. ठकूला पाण्याचा थंडपणा दातांत जाणवत होता. तो जाईपर्यंत ती धोंड्याशी आली. आपली पावले तिने खळग्यांत ठेवली. तिच्या बापाची आणि त्याच्या बापाची पावले तिथेच झिजली होती.

सूर्याची कड वर आली.

खाली पाच वाड्यांतून धूर निघत होता. बाया चुलीशी होत्या. अंगणात, खळ्यावर, गोठ्यात माणसे हात थांबवून वर कान लावून उभी असणार, हे तिला दिसत नसले तरी माहीत होते.

"दे," सुभानजी म्हणाला.

तिने दिली नाही.

त्याने दोनदा सांगितले. मग घोड्याचा आसूड मागून घेतला. पहिला फटका पाठीवर बसला. माणसाला मारले की तोंडातून आवाज निघतो. त्याला धैर्य लागत नाही की भित्रेपणा लागत नाही, तो निघतोच. आणि निघाला असता तर कोसभर खाली त्या आवाजाची हाळी झाली असती. खुशाल आहे, कामाला लागा. त्या घराण्याचा गळाच तसा होता. ठकूने ओठ मिटले आणि पाणी आतल्या आत धरले. तोंड उघडले तर पाणी सांडेल, पाणी सांडले तर आवाज निघेल. एवढे एकच तिने डोक्यात ठेवले, असे सांगतात. दुसरे काही ठेवायला जागा नव्हती.

खाली जांभळवाडीत बारकू नाईक अंगणात उभा होता. सूर्य कडेवर आला, मग हातभर वर आला. बारकूची सून, लहानूची बायको, दाराशी येऊन म्हणाली, "मामाजी, आज म्हातारीला उठायला उशीर झाला आसंल."

बारकू म्हणाला, "तिला कवा उशीर होत न्हाई. दाव्याची गुरं सोड."

त्याने काठी घेतली आणि घराघरांतून निघाला. एकच शब्द बोलत होता, "चला." माणसे गोठ्यांच्या मागून, ओढ्याच्या घळीतून, उंच गवताच्या आडून निसटली. एक वाडी निघताना दुसरीने पाहिली, दुसरी तिसरीने पाहिली. स्वार वाटेवर डोळे लावून बसले होते, घळीकडे कोणाचे लक्ष नव्हते. चुली तशाच पेटलेल्या राहिल्या. त्यामुळे धूर निघत राहिला आणि झाडीतल्या स्वारांना सगळे घरातच आहेत असे वाटत राहिले. मागल्या वर्षी धुराने वाड्यांना फसवले होते. या वर्षी धूर वाड्यांच्या कामी आला.

वर सुभानजी दमला. त्याने आपल्या एका माणसाला धोंड्याच्या बाजूला उभे केले आणि हाळी द्यायला लावली. तो मोठ्याने ओरडला. घळीतून चाललेल्या उंबरमाळच्या म्हातारीने ते ऐकले. "ह्यो कुणाचा रेडा?" ती म्हणाली, आणि चालत राहिली.

दिवस चांगला वर आल्यावर स्वार वाड्यांत शिरले. चुलीवर आंबील उकळत होती. खळ्यावर वरई पसरलेली होती. माणूस एकही नव्हता. एक स्वार वर येऊन हे सांगू लागला तेव्हा सुभानजीने ठकूकडे पाहिले. तिचे गाल फुगलेले होते. ती अजून खळग्यांतच उभी होती. त्याला तेव्हा कुठे समजले की तिच्या तोंडात पाणी आहे, आणि ते प्यायला आपणच सांगितले होते.

ठकूने खाली पाहिले. गुरांचे गोठे रिकामे दिसत होते. ती धोंड्यावरून उतरली, काठी टेकत उत्तरेच्या कड्यावर गेली, गढीकडे तोंड केले आणि चूळ टाकली. म्हणे त्या चुळीत पाण्यापेक्षा रक्त जास्त होते, म्हणून त्या कड्यावरची माती तांबडी आहे. खरे तर या बाजूची माती सगळीकडेच तांबडी आहे. पण लोक तसे म्हणतात आणि त्यांना कोणी अडवत नाही.

तिला कड्यावरून लोटून द्यायचे सुभानजीच्या मनात आले असावे. त्याचीच माणसे मागे सरली, असे सांगतात. सकाळपासून आवाज न काढणाऱ्या बाईला हात लावायला कोणी पुढे होईना. तो एकटाच शिव्या देत उतरला.

तिसऱ्या दिवशी बारकू रानातून निघून चढून वर आला. ठकू टाक्याशी पडली होती. त्याने तिला पाणी पाजले. मागल्या वेळी त्याने ते विचारले नव्हते.

"गेले ते," तो म्हणाला. "माणसं रानात थांबल्यात. खुशालीची हाळी दे, म्हंजी येतील."

ठकू उठून बसली. तिथून गढीचा नवा तट उन्हात पांढरा दिसत होता.

"आपली सात माणसं आत हायती," ती म्हणाली. "तुझा लहानू त्या भिंतीखाली गेला. खुशाल कोण हाय?"

"मग लोकांनी रानातच ऱ्हायाचं?"

"त्यांना तू जाऊन सांग. तोंडानं सांग, दारोदार. माझी हाळी खुशालीची हाय. खोटी एकदा दिली, पुन्हा देणार न्हाई. ज्या वर्षी पाची वाड्यांतला एकबी माणूस कुणी वढून नेलेला नसंल, त्या वर्षी मी देईन. मी नसले तर जो कोन आसंल त्यानं द्यावी. तवर हितं कुनी तोंड उघडायचं न्हाई."

बारकू दारोदार गेला आणि लोकांना घेऊन आला. ठकू पुढे नऊ वर्षे जगली म्हणतात. रोज सकाळी ती वर जाई, धोंड्यावर उभी राही, गढीकडे पाही आणि परत येई. हाळी दिली नाही. ती मेली तेव्हा बारकू फार म्हातारा झाला होता. त्याने तिच्या नावाने टाक्यातले पाणी तोंडात घेतले, नातवाच्या खांद्याला धरून दोनशे पावले चढला आणि उत्तरेला चूळ टाकली. तेव्हापासून ही रीत आहे.

कार्तिकाच्या अमावास्येला पाचही वाड्यांची माणसे टाक्याशी जमतात. त्या दिवशी पाहुण्यांना वर सोडत नाहीत. वयाने सगळ्यांत मोठे जे कोणी असेल ते विचारते, "द्यायची का हाळी?" मग एकेक वाडी सांगते. जहागीर गेली, गढी पडली, तेव्हाही विचारले होते. त्या वर्षी रानाच्या ठेकेदाराने तेरा माणसे कोळसा पाडायला नेली होती, ती आली नव्हती. नाही म्हणाले. नंतरही दर वर्षी काहीतरी असतेच. कोणाला खडी फोडायला नेलेले असते, कोणाला विटांवर. नेणारा दरवेळी गोडच बोलतो. पाणी पी म्हणतो.

मध्यंतरी एका वर्षी उंबरमाळचा एक तरणा माणूस उठला. म्हणाला, "आता काय ऱ्हायलं? रस्ता झाला, दिवे आले. किती वर्षं गप बसायचं? द्या की एकदा."

कोणी त्याच्यावर रागावले नाही. एका म्हातारीने विचारले, "तुझा धाकटा भाऊ कुठं हाय रं?"

तो म्हणाला, "खाणीवर गेलाय."

"कवा आला हुता?"

"चार महिने फोन लागंना."

मग तो वळला. टाक्याशी वाकला, ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागला.

तेव्हा पाहुण्यांनी वर जरूर जावे. वाट चांगली आहे, वारा आहे, चारी बाजूंचे डोंगर दिसतात. चूळ तोंडात धरून उभे राहावे आणि ज्याला जे वाटायचे ते वाटू द्यावे. फक्त खाली येऊन शांत आहे, निवांत आहे, असे वाडीत कोणाला सांगू नये. आजही दिवस उगवताना पाचही वाड्यांतली म्हातारी माणसे हातातले काम थांबवून क्षणभर वर कान लावतात. आजही हाळी येत नाही. आणि ज्या सकाळी हाळी येत नाही, त्या सकाळी काय समजायचे, ते ठकूने सांगून ठेवले आहे.